श्वासाच्या अंतरावर

[पडदा काळा. फक्त श्वासाचा आवाज.]

दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकलेलं. कुणी काही बोलत नाही. एकाचा सुटलेला श्वास दुसरा आत घेतो, आणि दोघं बाजूला होतात.

न्यूझीलंडचे माओरी लोक याला 'होंगी' म्हणतात. त्यांच्या कथेत ताने या देवानं मातीची बाई घडवली आणि तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. ती शिंकली. शिंकली, म्हणजे जिवंत झाली! आजही माओरी वक्ता बोलायला उभा राहिला की 'तिहेई माउरी ओरा' अशी सुरुवात करतो. ही तीच शिंक. आणि होंगीत वाटून घ्यायचा, तो तोच श्वास. पाहुण्यांचं रीतसर स्वागत चालू असतं तेव्हा होंगी होईपर्यंत एक यजमान, दुसरा परका. झाली की परकेपण संपलं.

[बर्फ. आई आणि तान्हं मूल.]

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचं 'कुनिक' मात्र सगळ्यांसाठी नाही. नाकावर नाक घासतात, असं त्याचं चित्र जगभर रंगवलं गेलं. ते चुकीचं आहे. नाक आणि वरचा ओठ समोरच्याच्या गालाला किंवा कपाळाला टेकवायचा आणि श्वास आत ओढायचा. चक्क वास घ्यायचा. तोही आपल्या माणसाचा, आईनं लेकराचा.

वास घेऊन भेटायचं? एवढ्यात नाक मुरडू नका.

[दोन हात एकमेकांत.]

हस्तांदोलन फार जुनं. इराकमधल्या निमरूदला सापडलेल्या, इसवी सनापूर्वी ९व्या शतकातल्या शिल्पात अ‍ॅसिरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर बॅबिलोनच्या राजाशी हात मिळवताना दिसतो. राजांचं ठीक आहे. पण २०१५ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी खोलीत थांबलेल्या लोकांचं गुपचूप चित्रीकरण केलं. पुरुषाशी पुरुषानं, बाईशी बाईनं हात मिळवला की नंतर तोच हात नाकाशी नेण्याचं प्रमाण दुपटीहून वाढलं. कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. इनुइट आई उघडपणे करते ते सूटबूटवाले चोरून करतात, इतकंच.

जवळ येण्याची जोखीमही असते. रोमचा सम्राट टायबेरियस यानं रोजच्या भेटीतली चुंबनं फर्मान काढून बंद केली होती. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा फ्रान्समध्ये गालाला गाल लावणं थांबलं, आणि होंगीसुद्धा.

[थायलंड. बौद्ध मठाचं आवार.]

काही ठिकाणी मुळात स्पर्शच नाही. तिथं सगळा हिशेब उंचीचा. जपानमध्ये कमरेतून किती वाकायचं ते शिकवतात: साधी ओळख असेल तर १५ अंश, आदर दाखवायचा तर ३०, त्याहून मोठा प्रसंग असेल तर ४५. थायलंडच्या 'वाय'मध्ये जोडलेले हात वर-खाली होतात. बरोबरीच्या माणसासाठी अंगठे हनुवटीशी, वडीलधाऱ्यांसाठी नाकाच्या शेंड्याशी, भिक्खूंसाठी भुवयांच्या मधोमध. धाकट्यानं आधी करायचा, थोरल्यानं उत्तर द्यायचं. भिक्खू मात्र उलट 'वाय' करत नाहीत. नवख्या पर्यटकाला ते तुसडे वाटतात. बिचाऱ्याचे जोडलेले हात तसेच राहतात.

[सेनेगल. संध्याकाळ, दोन म्हातारे.]

आणि हे दोघं वोलोफ भाषेत बोलतायत. घाई नाही. तू कसा आहेस, असं एकानं विचारलं. उत्तराला 'बरा आहे' नाही, 'मजेत' नाही. वोलोफमध्ये म्हणतात, "मांगी फी." मी इथे आहे.

मग दुसरा प्रश्न. घरची मंडळी कुठे आहेत?

"ती तिथे आहेत."

[दोघं अजून बोलतायत. आवाज हळूहळू विरतो.]