बार पडला, परवाना कुठे गेला?

पाडलेल्या परमिट रूमचा इतिहास लिहायचा म्हटलं की गल्लीतून सगळ्यात आधी नाव हाती येतं, आणि नावावरच माणूस फसतो. जागेचा मालक, परवान्याचा धारक, रोज गल्ला सांभाळणारा आणि पाटीवरचं नाव, ही चार प्रकरणं वेगवेगळी असतात आणि चारही वेगवेगळ्या वेळी बदलतात. बार नाशिकच्या भद्रकालीतला असो की नाशिकरोड स्टेशनाजवळचा, चार फायली वेगळ्या ठेवल्या तरच हिशेब जुळतो.

जागा सोपी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा. गावठाणातली मिळकत असेल तर सिटी सर्व्हे नंबर काढून मिळकत पत्रिका घ्या. मालकी कशी फिरली ते फेरफार नोंदींवरून कळतं. भाडेकरार नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकांकडची सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू, पाहा. पण खरा माल महापालिकेच्या घरपट्टीत. मालकाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो, आणि ज्या वर्षी वापर निवासीचा अनिवासी झाला, साधारण त्याच सुमारास खाली टेबलं लागलेली असतात. सातपूर-अंबडला एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली, तिथे हा सगळा शोध एमआयडीसीच्या कार्यालयात करावा लागतो.

का पाडलं, याचंही उत्तर कागदावर असतं. वाडा धोकादायक ठरला असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस सापडेल, रस्ता रुंदीकरणात गेला असेल तर भूसंपादनाची फाइल. लोक मात्र दोन्हीला ‘कुंभमेळ्यात पाडला’ म्हणतात. २००३, २०१५, जो सिंहस्थ आठवेल तो.

आता परवाना. परमिट रूमचा परवाना एफएल-३, देशी दारूच्या दुकानाचा सीएल-३. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, दरवर्षी नूतनीकरण. इमारत पाडली म्हणून परवाना मरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं तो दुसऱ्या पत्त्यावर स्थलांतरित होतो. जुन्या गावातला बार बंद पडला आणि त्याच परवान्यावर दुसरीकडे नव्या पाटीखाली बार उघडला, असं होऊ शकतं. म्हणून नाव सोडा, परवाना क्रमांक धरा. फाइलमध्ये मंजूर नकाशा असतो, त्यावर बसायची जागा आणि साठ्याची खोली आखलेली असते. पाडलेल्या खोलीचं मोजमाप याहून चांगलं कुठे मिळणार? नोकरनामेही, म्हणजे बारमधल्या नोकरांना दिलेली अधिकारपत्रंही, बघा. मालकापेक्षा वेटरला जास्त माहीत असतं, आणि त्याची नोंद तिथे आहे.

हे मागायचं कसं? माहितीच्या अधिकारात: नमुना ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयाचे जन माहिती अधिकारी. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. ‘अमुक बारची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलंत की अर्ज परत आलाच समजा. परवाना क्रमांक, वर्षं आणि स्थलांतराचा आदेश, एवढंच मागा. परवानाधारक हयात असेल तर त्रयस्थ पक्ष म्हणून त्याला विचारलं जातं आणि तो बहुधा नकार देतो. आदेशाची प्रत मागितलीत तर निदान वाद घालायला जागा राहते.

कुणाच्या कपाटात जुनं बिल किंवा मेनूकार्ड निघालं तर ते जपून वाचा. दूरध्वनी क्रमांक सहा आकडी असेल तर कागद साधारण २००२-०३ च्या आधीचा. त्यानंतर पुढे २ लागला आणि क्रमांक सात आकडी झाले. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. व्हॅट क्रमांक दिसला तर १ एप्रिल २००५ नंतरचा. जेवणावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट असे दोन हिशेब असतील तर १ जुलै २०१७ नंतरचा, कारण दारू जीएसटीत आलीच नाही. फसगत इथेही होते: जुनी छापील पुस्तकं संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे ‘याच्या आधीचा’ हा निष्कर्ष नेहमी कच्चा, ‘याच्या नंतरचा’ हा पक्का.

आठवणींचे आकडेही तपासून घ्या. ‘आजोबांच्या काळापासून अखंड चालू’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली, पुढची कितीतरी वर्षं उघडपणे गुत्ता चालवणं शक्यच नव्हतं, आणि देशी दारूची आजची दुकानं १९७३ च्या नियमांखालची. मधल्या काळात त्या जागी खाणावळ होती, चहाचं हॉटेल होतं, की मागच्या दारानं हातभट्टी, हे स्वतंत्रपणे शोधावं लागतं. तसंच ‘२०१७ ला बंद झाला’ हे. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली विक्री १ एप्रिल २०१७ पासून थांबली ती सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालामुळे. पुढे शहरी हद्दीत सूट मिळाली आणि मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे कितीतरी बार पुन्हा उघडले. बंदी आणि पाडकाम यांच्यात महिन्यांचं अंतर असेल किंवा वर्षांचं, नूतनीकरणाच्या नोंदी लावल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रभागात दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर बाटलीचं मतदान झालं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आणखी एक फाइल निघते. महिला किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांचा अर्ज, मग गुप्त मतदान, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे बंदच्या बाजूला, पुरेशी मतं पडली तर दुकान बंद. तिथे अर्जदार बायकांच्या सह्या असतात. नावं छापू नका. तारीख, प्रभाग आणि मतांचे आकडे तेवढे उतरवून घ्या.