वाडी ते जिल्हा

(दृश्य: पाऊस. उतारावरची कौलारू घरं, मधे काजूची झाडं.)

कोकणातली वाडी विखुरलेली. एक घर दरडीवर, दुसरं वहाळापलीकडे. रात्री कुणाच्या घरात मारहाण झाली तर शेजारी ऐकतात. पण शेजारी म्हणजे भावकीच. ‘घरचां घरातच रवांदे’ म्हणतात, आणि सकाळी विहिरीवर कुणी विषय काढत नाही.

मार खाणाऱ्या बाईसाठी व्यवस्था आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आहे. तिथं मुलांना घेऊन काही दिवस राहता येतं, वैद्यकीय मदत मिळते, समुपदेशन होतं, वकिलाचा सल्ला मिळतो. महिला व मुलांसाठी सहाय्य कक्षही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण बाईचं ऐकून घ्यायला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, ही त्यामागची कल्पना. पुढे तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला.

(दृश्य: एसटी स्टँड. मूल कडेवर घेतलेली बाई, पाठमोरी.)

पण केंद्र जिल्ह्याच्या गावी, आणि मंडणगड तालुक्याहून रत्नागिरी शंभर किलोमीटरहून लांब. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, ते बरंच झालं. दिवस मात्र अख्खा जातो. आणि थांब्यावर प्रत्येक जण विचारतो, ‘खंय चललंस?’ या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही म्हणून कितीतरी जणी घरातून निघतच नसतील.

म्हणून पहिला माणूस वाडीतलाच लागतो. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, बचत गटातली मैत्रीण. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. त्यात स्पष्ट म्हटलंय की संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कुणीही कळवू शकतं. नातं लागत नाही. खऱ्या मनानं दिलेल्या माहितीसाठी कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. भावकीच्या भीतीनं गप्प बसणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोचायलाच हवी.

(दृश्य: जुनं चौसोपी घर. ओटीवर वाळत घातलेली सुपारी.)

आता घराचं. इथल्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावं, हिस्सेदार मुंबईला. त्यात सुनेचं नाव कुठून असणार? ‘घर तुझं नाही, चालती हो’ हे तिला सहज ऐकवलं जातं. कायदा उलट सांगतो. ज्या सामायिक घरात ती नांदते तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, मालकी कुणाचीही असो.

नवरा मुंबईत, पगार मुंबईत, आणि गावी बायकामुलांना मुद्दाम पैसे पाठवत नाही. अंगावर वळ नसला तरी कायद्याच्या दृष्टीनं ही आर्थिक हिंसा आहे. अर्ज माहेरच्या तालुक्यातल्या न्यायालयातही करता येतो, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. बाईचं उत्पन्न किती, हे तिथं पाहत नाहीत.

मुलांच्या बाबतीत तर समजुतीला, मिटवामिटवीला जागाच नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे २०१२ पासून, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकाला, डॉक्टरला, शेजाऱ्यालाही. गावकीच्या बैठकीत नारळ ठेवून हे प्रकरण मिटत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. मुलाची ओळख उघड करता येत नाही. दहा घरांच्या वाडीत सगळ्यात जास्त जपायला हवं ते हेच.

(दृश्य: अंगणवाडीची भिंत. रंगवलेले आकडे: १८१, १०९८, ११२.)

महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. फोन तिच्याकडे नसेल तर आपल्याकडून लावून द्यावा.

आणि मागणी एकच. समुपदेशक आणि संरक्षण अधिकारी यांनी महिन्यातले ठरलेले दिवस तालुक्याला बसावं, बाजाराच्या दिवशी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एखाद्या खोलीत. बाजाराला किंवा औषधाला चाललेय, असं तिला सांगता येईल. ती दोन तासांत घरी परतेल, आणि तिची तक्रार तोवर कागदावर आलेली असेल.