माकडताप : ताप उतरला तरी रुग्णावर लक्ष ठेवा

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं सरपणाला, काजूच्या बागेत, गोठ्यात पसरायला पाचोळा आणायला जे रानात जातात, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. विषय माकडताप. कन्नड फलकावर ‘मंगन कायिले’ लिहितात, तोच.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात वानरं मरायला लागली, तेव्हा हा विषाणू सापडला. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिसला, म्हणजे आपला चोर्ला घाट उतरलं की लगेच. पुढच्या वर्षी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात.

नाव माकडाचं, पण रोग देते ती गोचीड. तीही खसखशीएवढी, अर्धवट वाढलेली. नोव्हेंबर ते मे हा तिचा जोराचा काळ. वानर मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, ते पुरूही नका. आरोग्य केंद्राला कळवा.

गोचीड चावल्यावर ३ ते ८ दिवसांत एकदम ताप, कपाळ फुटेल असं दुखणं, कंबर-पिंढऱ्यांत वेदना, लाल डोळे. काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. बहुतेक जण यातून बरे होतात.

आता नीट ऐका. शंभरातल्या १० ते २० जणांना एक-दोन आठवडे बरं वाटतं आणि ताप परत येतो. या वेळी मेंदूला सूज असते : मान ताठ, हात थरथरतात, अंधुक दिसतं, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, झोपू दे. झोपू देऊ नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

डॉक्टरांना आधी सांगा, “रानात गेलो होतो.” हे कळलं नाही तर तपासणी मलेरिया-डेंग्यूवरच थांबते. माकडतापासाठी रक्ताची तपासणी असते : पहिल्या आठवड्यात विषाणू शोधणारी आरटीपीसीआर, नंतर शरीरानं त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी आयजीएम. विषाणूवर खास औषध नाही, पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली तर जीव वाचतो. तापाला पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेननं रक्तस्राव वाढू शकतो. माणसाकडून माणसाला हा रोग लागत नाही, तेव्हा रुग्णाला एकटं टाकू नका.

रानात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल. आल्यावर कपडे गरम पाण्यात, साबणानं आंघोळ. कानामागं, काखेत, जांघेत, गुडघ्यामागं बघा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, विडीचा चटका नको. बोटानं चिरडायचं तर मुळीच नाही. या दिवसांत रानचा पाचोळा गोठ्यात आणू नका. मोठ्या गोचिडी जनावरांवरच पोसतात, त्यांच्यासाठी पशुवैद्यांकडून औषध घ्या.