सहावा अनुच्छेद

[दृश्य : हस्तलिखित संविधानाची पाने]

ही पाने छापखान्यातली नाहीत. १९७२ साली बांगलादेशाच्या संविधानाची मूळ प्रत सुलेखनकार ए. के. एम. अब्दुर रऊफ यांनी हाताने लिहिली आणि तिची सजावट चित्रकार झैनुल आबेदिन यांच्या देखरेखीखाली झाली. देशाचे नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील, असे त्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात नमूद होते. ‘बांगलादेशी’ हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द त्या वाक्यात नव्हता.

नागरिकत्व कायद्याने ठरेल, एवढेच मूळ मसुद्यात होते. ‘बंगाली’ ही ओळख ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी संविधान सभेत एका दुरुस्तीने जोडली गेली. १९५२ मध्ये भाषेसाठी प्राण दिलेल्या आणि पुढे त्याच अभिमानावर स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या लोकांच्या प्रतिनिधींना तीत वावगे काही वाटले नाही. विरोधाला उभे राहिले ते चट्टग्राम डोंगराळ प्रदेशाचे मानवेंद्र नारायण लारमा. आपण चाकमा आहोत, आपल्या वाडवडिलांनी स्वतःला कधी बंगाली म्हटलेले नाही, मात्र आपण या देशाचे नागरिक आहोत, असे त्यांनी सांगितले. दुरुस्ती संमत झाली आणि लारमा सभागृहाबाहेर पडले.

[दृश्य : रांगामाटी, कप्ताई जलाशय, होड्या]

लारमा ज्या प्रदेशाविषयी बोलत होते, तो हा. पाण्यातून वर आलेली ही हिरवी बेटे एके काळी टेकड्यांचे माथे होती. पाकिस्तानच्या काळात कर्णफुली नदीवर बांधलेले धरण १९६२ मध्ये पूर्ण झाले आणि या खोऱ्यातील उत्तम शेतजमीन, चाकमा राजाचा जुना वाडा आणि सुमारे एक लाख माणसांची घरे या जलाशयाखाली गेली. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर येथील स्त्रिया आजही पिनोन आणि हादी ही आपली पारंपरिक वस्त्रे विणतात. चाकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो अशा अनेक समाजांच्या भाषा येथे बोलल्या जातात, आणि दहा वर्षांपूर्वी जमीन गमावलेल्या या लोकांना आता नावही दुसऱ्याचे घ्यावे लागणार होते.

[दृश्य : जातीय संसद भवन, म्हणजे बांगलादेशाचे राष्ट्रीय संसद भवन]

नाव बदलले ते झियाउर रहमान यांच्या लष्करी राजवटीत. १९७७ च्या फर्मानाने सहाव्या अनुच्छेदात ‘बंगाली’च्या जागी ‘बांगलादेशी’ आले आणि १९७९ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्यावर संसदेची मोहोर उमटली. व्याख्या म्हणून हा शब्द अधिक न्याय्य होता, कारण तो भाषा किंवा वंश न विचारता केवळ नागरिकत्व सांगत होता. परंतु हेतू इतका निर्मळ नव्हता. त्याच फर्मानाने धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व संविधानातून काढून टाकले. पश्चिम बंगालमधील बंगाली माणसापासून वेगळी, मुस्लिम बहुसंख्येला जवळची वाटणारी ओळख घडवणे हाही या शब्दाचा उपयोग होता. डोंगरातल्या लोकांना कागदावर सामावून घेणाऱ्या याच राजवटीने सपाटीवरच्या लाखो बंगाली कुटुंबीयांना त्यांच्या डोंगरांत वसवण्याचे धोरण आखले. डोंगरातल्या लोकांचा सरकारशी सशस्त्र संघर्ष १९९७ च्या करारापर्यंत चालला.

पुढे न्यायालयाने पाचवी दुरुस्ती अवैध ठरवली आणि २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीने दोन्ही शब्द एका वाक्यात बसवले : राष्ट्र म्हणून जनता ‘बंगाली’, नागरिक म्हणून ‘बांगलादेशी’. लारमा यांचा आक्षेप त्यातल्या पहिल्या अर्ध्यावर जसाच्या तसा लागू राहिला.

[दृश्य : ढाका, मोहम्मदपूर, जिनिव्हा कॅम्पच्या गल्ल्या]

या गल्ल्यांत उर्दू ऐकू येते. येथील माणसे बंगाली नाहीत. पण १९७१ साली अल्पवयीन असलेले आणि त्यानंतर जन्मलेले उर्दू भाषक बांगलादेशी नागरिक आहेत, असे उच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आणि मतदारयादीचा मार्ग मोकळा झाला.

[दृश्य : मुंबई, बांधकामावरील मजूर]

सीमेच्या अलीकडे हाच शब्द नागरिकत्व सांगण्यासाठी नव्हे, तर ते नाकारण्यासाठी वापरला जातो. २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडून सीमेपार धाडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना, ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर, परत आणावे लागले.

[दृश्य : पुन्हा ढाका, पारपत्र कार्यालयाबाहेरील रांग]

जानेवारी २०२५ मध्ये बांगलादेशाच्या संविधान सुधारणा आयोगाने सहाव्या अनुच्छेदातील ‘राष्ट्र म्हणून बंगाली’ हे शब्द वगळून नागरिकांसाठी केवळ ‘बांगलादेशी’ ही ओळख ठेवण्याची शिफारस केली. येथे मिळणाऱ्या पारपत्रावर, चाकमा असो वा उर्दू भाषक, राष्ट्रीयत्वापुढे तोच एक शब्द छापला जातो.