इस्त्रीचं टेबल पन्ह्याच्या मापाचं हवं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय इस्त्रीच्या टेबलाबद्दल, म्हणजे घरी जे शिवतात, गोधड्या करतात, पॅचवर्क करतात त्यांच्या टेबलाबद्दल. मशीन घेताना आपण चार दुकानं फिरतो, कात्री पारखून घेतो, आणि इस्त्री मात्र पलंगावर चादर टाकून नाहीतर त्या निमुळत्या टोकाच्या फोल्डिंग बोर्डावर, आणि मग तुकड्यांचे कोपरे जुळले नाहीत की दोष मशीनला.

तो बोर्ड वाईट नाहीये हो, पण तो शर्ट-ब्लाउजसाठी आहे, टोक खांद्यात, बाहीत घालायला. रुंदी साधारण १२ ते १५ इंच. आता नेहमीचं सुती कापड घ्या, ४४ इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, दुमडलं की २२ इंच. मावणार कसं? उरलेलं खाली लोंबतं आणि स्वतःच्या वजनाने बाकीच्याला ओढतं, त्यात कापड गरम, ओलसर, आणि तुकडा उरेब, म्हणजे तिरका कापलेला असेल तर तो ताणला गेलाच म्हणून समजा. म्हणून माझं म्हणणं एकच, टेबलाची रुंदी कापडाच्या पन्ह्यावरून ठरवा. २४ इंच रुंद, ४८ इंच लांब, दोन्ही टोकं चौकोनी. दुमडलेला पन्हा अख्खा बसतो, वर इंचभर मोकळं दोन्हीकडे.

हे माप परवडतंही. प्लायची शीट ८ बाय ४ फुटाची असते, तिचे असे चार तुकडे पडतात, तर शिवणाऱ्या चौघीजणींनी मिळून एक शीट घ्यायला काहीच हरकत नाही, बरेच दुकानदार कापूनही देतात. १२ एमएम पुरते, १८ एमएम मजबूत खरी पण उचलायला जड जाते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, घेऊ नका, वाफेने फुगतो. आणि सनमायका लावलेला तुकडा पण नको, वाफ मुरायला जागाच राहत नाही, ती परत कापडात येते.

आता वरचा थर, यात कंजूषी करू नका. फोम नको आणि पॉलिस्टरचं वॅडिंग, म्हणजे गोधडीत भरायचा मऊ थर, तर नकोच, उष्णतेने ते दबतं, चिकटतं. माझी पसंती घोंगडीला, खरी लोकरीची. लोकर ओल शोषते, गरमी धरून ठेवते, त्यामुळे कापडाला वरून इस्त्री लागते तशी खालूनही ऊब लागते आणि शिवण पटकन बसते. फक्त नवी घोंगडी कडक असते ना, ती चिंचोक्याच्या खळीने, त्यामुळे आधी गार पाण्यात भिजत घाला, खळ निघेपर्यंत धुवा, सावलीत वाळवा. मग प्लायवर दुहेरी अंथरा, आणि वरून मांजरपाट, तोही धुऊन आटवलेला, नाहीतर पहिल्या वाफेलाच आटतो आणि कडा उचलतात. ओढून खालच्या बाजूला स्टेपल गनने ठोका, आधी चारही बाजूंच्या मध्यात एकेक, मग तिथून कोपऱ्यांकडे, म्हणजे ताण सारखा येतो.

ठेवायचं कुठे? डायनिंग टेबलावर किंवा ओट्यावर, खाली जाड सतरंजी घालून. जुन्या फोल्डिंग बोर्डावरच बसवायचं असेल तर प्लायच्या खाली दोन लाकडी पट्ट्या ठोका, बोर्ड त्यांच्यामध्ये अडकतो आणि वरचं सरकत नाही, पण कोपऱ्यावर जोर देऊ नका, उलटेल. गरम इस्त्री कडेला ठेवायची तर अजिबात नाही.

टेबल रुंद झालं म्हणून इस्त्री जोरात फिरवायची नाही हं. पाव इंचाची शिवण असते, आधी ती बंद असतानाच इस्त्री वरून टेकवा, उचला, पुढे टेकवा. मग उघडून दोन्ही कडा गडद कापडाच्या बाजूला वळवा, फिक्या कापडातून सावली दिसत नाही. लांब पट्ट्या जोडल्या असतील तर त्या टेबलावर आडव्या ठेवून शिवणीला काटकोनात दाब द्या, लांबीच्या दिशेने इस्त्री ढकलली की पट्टी धनुष्यासारखी वाकते, आणि एकदा वाकली की पुढचं सगळं माप बिघडतं.

पावसाळ्यात मात्र काम झालं की टेबल लगेच कपाटामागे सरकवू नका, घोंगडीत वाफ मुरलेली असते, तासभर पंख्याखाली उभं करून ठेवा, नाहीतर मांजरपाटावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते धुऊनही जात नाहीत.