घरटी दहा भाकरी

[दृश्य: पहाट. चर्चच्या मागचं अंगण. चुलीवर मोठं पातेलं. कडेला रिकामी टोपली.]

कापणीच्या सणाचा रविवार. सोलापुरातल्या या चर्चच्या मागच्या अंगणात अजून नीट उजाडलेलं नाही, पण आमटीला उकळी फुटलीय. आठवडाभर आधीच निरोप गेला होता: घरटी दहा भाकरी. त्या आता येऊ लागल्यात. कुणी धुतलेल्या फडक्यात बांधून आणतंय, कुणी स्टीलच्या डब्यात, तर एक काका स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवून. सगळ्या भाकऱ्या एकाच टोपलीत पडतात.

ही टोपली लक्षात ठेवा.

[दृश्य: दोन हात कडक भाकरी मोडतात. फक्त तेवढाच आवाज.]

सोलापूरच्या घरात भाकरी दोन तऱ्हेची. एक तव्यावरून थेट ताटात येणारी, मऊ. दुसरी पातळ थापून, भाजून वाळवलेली, कडक. ही दिवसेंदिवस टिकते. शेंगाची चटणी सोबत घेतली की प्रवासालाही पुरते. मऊ भाकरी कुस्करावी लागते. कडक मोडते, आणि मोडताना बोलते.

पहिल्या ख्रिस्ती लोकांबद्दल बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलंय की ते घरोघरी भाकर मोडत आणि आनंदानं जेवत. यरुशलेमात ज्वारी कुठली! पण मराठी बायबल करणाऱ्यांनी शब्द घेतला तो ‘भाकर’. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर’ मागायची. तिथं ‘पाव’ आला असता, तर आमच्या आजीला ती प्रार्थना बेकरीवाल्यासाठी आहे असं वाटलं असतं.

[दृश्य: चर्चच्या आत. वेदीपुढे मका, कांदे, ज्वारीची कणसं, दोरीनं पाय बांधलेली एक कोंबडी.]

उपासना सुरू झालीय. हंगामातलं पहिलं, चांगलं ते वेदीपुढे ठेवलंय. उपासना संपली की याचाच लिलाव होईल आणि एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट वर जाईल. कोंबडी मधूनच ओरडते. पाळकसाहेबांना सवय आहे.

आज प्रभुभोजनही आहे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. भाकरीचा नखाएवढा तुकडा आणि लहानशा पेल्यात द्राक्षांचा रस. नान्नजसारखं द्राक्षांचं गाव जवळ असताना रसाची चिंता नाही. पण एवढ्याशा घासाला ‘भोजन’ का म्हणतात, असं लहानपणी आम्ही प्रत्येकानं कधी ना कधी विचारलेलं असतं.

म्हणतात, कारण कधीकाळी ते खरोखर पोटभर जेवण होतं. इसवी सन 112 च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं सम्राट ट्राजानला ख्रिस्ती लोकांबद्दल कळवलं होतं की ते जमतात, पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात, आणि ते जेवणही साधंच असतं. या जेवणाला प्रीतिभोजन म्हणत. हळूहळू विधी एकीकडे राहिला, जेवण दुसरीकडे गेलं. चौथ्या शतकात लावदिकिया इथल्या ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांच्या परिषदेनं तर चर्चच्या इमारतीत प्रीतिभोजन करायलाच मनाई केली. आमच्याकडे ते मागच्या अंगणात का होतं याचं कारण मात्र साधं आहे. तिथं कडुलिंबाची सावली आहे.

[दृश्य: अंगणात सतरंज्या अंथरल्या जातात. माणसं पंगतीत बसू लागतात.]

पंगत. मराठी माणसाला या शब्दाचा इतिहास शिकवावा लागत नाही. कोण कुठं बसायचं, कुणी कुणाला वाढायचं, कुणाच्या हातचं पाणी चालायचं, सगळं ठरलेलं. ते चर्चच्या दाराशी आपोआप गळून पडलं असं आम्ही म्हणणार नाही. येशूचा पट्टशिष्य पेत्रसुद्धा यात अडखळला होता. अंत्युखिया शहरात तो यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमाहून यहुदी रीत काटेकोर पाळणारी काही माणसं आली आणि त्यांच्या भीतीनं तो त्या पंगतीतून बाजूला झाला. पौल या दुसऱ्या प्रेषितानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. हे भांडण पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, बायबलातच आहे, झाकून ठेवलेलं नाही.

आणि आपल्याकडच्या लक्ष्मीबाई टिळक. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांनी सोवळं सोडलेलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एके दिवशी त्यांचं त्यांनाच उमगलं की हे भेद माणसानं केलेले आहेत, आणि कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. सोवळं आधी सुटलं.

[दृश्य: टोपली फिरते. हात आत जातो, वरची भाकरी उचलतो.]

आता ती टोपली. दहा-दहा करत जमलेल्या भाकऱ्यांत कुणाची कुठली, हे वाढणाऱ्यालाही सांगता येत नाही. बँकेतल्या साहेबांच्या ताटात विडी वळणाऱ्या मावशीच्या हातची भाकरी येते, मावशींच्या ताटात आणखी कुणाची. थोडी करपलेली आली तरी मोडायची आणि खायची. या चर्चमध्ये मी बरीच प्रवचनं ऐकलीत. या टोपलीइतकं पटलेलं त्यात फार थोडं आहे.

कोंबडीचं काय झालं, विचाराल. ज्यांनी लिलावात घेतली त्यांनी ती घरी नेली. पातेल्यात आमटीच होती, आणि दोन तरुणांनी त्याबद्दल उघड नाराजी नोंदवली.

[दृश्य: दुपारचे तीन. सतरंज्या गोळा होतायत. फाटकातून पांढऱ्या गणवेशातली एक बाई येते.]

त्या पहिल्या काळात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत पैसेवाले लवकर येऊन जेवून घेत. मागून येणारा उपाशी राहायचा आणि आधी आलेला प्यायलेला असायचा. पौल चिडून लिहितो: जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

फाटकातून आलेल्या या दवाखान्यातल्या सिस्टर सकाळच्या ड्यूटीवर होत्या. शंभर माणसांनी त्यांच्यासाठी खोळंबून राहावं, असं काही झालं नाही. खरं सांगायचं तर आमटीही तळाला गेलीय. पण एक ताट झाकून ठेवलेलं आहे, आणि सकाळपासून चुलीपाशी असलेल्या आजी, ज्या कधीच जेवून उठल्यात, त्या पुन्हा सतरंजी पसरतात.

“तुम्ही जेवलाव ना आजी?”

“जेवले की. तू एकटीच बसणार व्हय? दे इकडं अर्धी.”

[आवाज: कडक भाकरी मोडल्याचा.]