सुभेदारांचं घर

मंडळी, रामजी मालोजी सकपाळ हे नाव आपण बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतो. ‘बाबासाहेबांचे वडील, लष्करात सुभेदार होते,’ एवढं म्हणतो आणि पुढं निघतो. आज मला त्या एका वाक्यातच थांबायचंय. बाबासाहेबांच्या हाती पुस्तक आलं ते या शिपायाच्या घरात, आणि त्या घरात पुस्तक शिरलं ते पलटणीच्या शाळेतून, असं माझं म्हणणं आहे.

घराणं मूळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. रामजींचे वडील मालोजी फौजेत होते. रामजींच्या पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या, त्यांच्या माहेरीही सुभेदार-मेजर. गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या माणसाला पलटणीत हुद्दा होता, पगार होता, म्हातारपणी पेन्शन होतं. हे आपल्याला माहीत असतं. पण कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचं होतं, याकडं आपलं लक्ष जात नाही. बाबासाहेबांनी स्वतः ते लिहून ठेवलंय. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिकले, शिक्षक झाले आणि पुढं चौदा वर्षं लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. हुद्दा सुभेदाराचा, काम मास्तरचं. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, ते असं मास्तरांच्या घरी जन्मलं.

आणि त्याच सुमारास सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली. काही जातीच तेवढ्या लढवय्या, असं नवं शास्त्र साहेब लोकांनी काढलं होतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांना दार लावलं. रामजी गप्प बसले नाहीत. अर्जासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडं गेले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त लष्करी माणसानंही सरकारला विनंतीपत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. नोकरी गेली याचं दुःख आपण सांगतो, पण त्या नोकरीबरोबर येणारी शाळाही गेली. एका अख्ख्या समाजाच्या पुढच्या पिढीची अक्षरं थांबली. मला हे त्या बंदीचं सर्वांत मोठं पाप वाटतं.

पेन्शन घेऊन रामजी दापोलीला आले, तिथून साताऱ्याला. साताऱ्यात भीमाबाई गेल्या. चौदा लेकरांपैकी पाचच जगली: बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. मीराबाई आत्यांनी घर सांभाळलं. रामजी खटाव तालुक्यात खजिनदार म्हणून गेले. तिथं दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारनं तळं खोदायला घेतलं होतं. पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं, ते भीमरावांना मुळीच रुचलं नाही. व्याख्यानात हा भाग गाळायची आपली पद्धत आहे. मी गाळणार नाही, कारण सोलापूरकरांनी ऐकावी अशी गोष्ट इथंच येते. रागावलेल्या या पोरानं ठरवलं, मुंबईला जायचं आणि गिरणीत लागायचं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी मारायचा बेत केला. रात्रीमागून रात्री प्रयत्न केला, पिशवी हाती आली, आणि आत निघाला अर्धा आणा. मग त्यानं ठरवलं, आता अभ्यासच करायचा. तुमच्यापैकी किती जणांचे आजोबा जुन्या मिलमध्ये पोरवयात लागले असतील! त्या वाटेवर पाऊल टाकायला हा मुलगा अगदी तयार झाला होता.

१९०४ साली कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. पोरानं लवकर झोपायचं, सुभेदारांनी रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि त्याच्या जागी स्वतः अंग टाकायचं. कबीरपंथी घर, भजनं, रामायण, महाभारत मुलांकडून वाचून घेतलं जायचं. इंग्रजी शिकवणारी तर्खडकरांची भाषांतरमाला वडिलांनीच गिरवून घेतली. पोरगा पुस्तक मागायचा आणि हातात पैसा नसायचा. मग हा पेन्शनर सुभेदार लग्न झालेल्या लेकींच्या दारी जायचा. मंजुळेनं, तुळसेनं पैसे द्यावेत, नाहीतर अंगावरचा दागिना द्यावा. दागिना गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचं, पेन्शन आलं की सोडवायचा. भगिनींनो, त्या दोघींच्या नावानं आपण कधी कार्यक्रम घेतलाय का? घ्यायला हवा.

रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले.

आता आपल्या गावाकडं येतो. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा ही संस्था स्थापन झाली. तिचं वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी कुठं उघडलं? इथं, सोलापुरात. व्यवस्था पाहिली जिवाप्पा ऐदाळे यांनी. फौजेनं काढून घेतलेली शाळा सुभेदारांच्या मुलानं समाजाच्या बळावर परत उभी करायला घेतली, असंच मी त्या वसतिगृहाकडं पाहतो. हायस्कुलातली मुलं तिथं राहायची, जेवायची, शिकायची. त्यांच्या नातवंडांपैकी कुणी आज या सभागृहात असेल, तर कार्यक्रम संपल्यावर घाईनं जाऊ नका. तुमच्या आजोबांचं नाव, गाव आणि कितवीपर्यंत शिकले, एवढं संयोजकांच्या वहीत लिहून द्या. घरात जुनी सनद, बिल्ला, शाळेचा दाखला असेल तर पुढच्या रविवारी घेऊन या.